दर उन्हाळ्यात परत उघडणारी जोत्याची भेग: काळ्या मातीवरच्या घरांसाठी

भेग भरली, रंग दिला, दिवाळी छान झाली. होळी आली आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत तीच तिरकी रेघ पुन्हा दिसायला लागली. मेअखेर तिच्यात पेन्सिल शिरेल एवढी ती रुंद झाली. पावसाळ्यात थोडी मिटली, पण तोवर आत पाणी शिरून भिंतीला ओल धरली, लोणा लागला. ज्यांच्या घरी हे चक्र सलग तीन-चार वर्षं चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

परभणीचं आमचं घर 1998 चं. विटांच्या भारवाहक भिंती, डबराचा पाया साडेतीन फूट खोल, खाली निव्वळ काळी माती. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याची भेग आम्ही चार वेळा भरली. पहिल्यांदा सिमेंट-वाळूने, मग बाजारातल्या तयार क्रॅक फिलरने, मग जाळी मारून नवा गिलावा, आणि चौथ्यांदा इपॉक्सी. माल दर वेळी चांगला होता आणि मिस्त्रीही चांगले होते. इपॉक्सी तर इतकं घट्ट बसलं की त्या जागी भिंत परत फुटलीच नाही, एक इंच शेजारी फुटली. त्या दिवशी मला कळलं की आम्ही भेगेवर इलाज करत होतो आणि भेग करणारी गोष्ट खाली तशीच चालू होती. मी बांधकामावर सुपरवायझर म्हणून काम करतो. त्यानंतर मराठवाड्यात बरीच घरं याच नजरेने पाहिली, आणि काँक्रीटच्या सांगाड्याची सोडली तर बहुतेक ठिकाणी गोष्ट तीच निघाली.

खाली काय चाललंय

आपल्याकडची काळी माती दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याचे अतिशय पातळ थर एकावर एक असतात, आणि पाणी त्या थरांच्या मधे शिरून त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतं. म्हणून माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. एप्रिल-मेमध्ये रानात पाय अडकेल अशा भेगा पडतात, त्या याच कारणाने. घराखाली वेगळी माती नसते.

आता घर डोळ्यांसमोर आणा. मधल्या खोल्यांच्या खाली ना ऊन पोचतं ना पाऊस. तिथल्या मातीतली ओल वर्षभर जवळपास सारखी राहते. बाहेरच्या भिंतींखालची माती मात्र पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात कोरडी पडते. म्हणजे घराच्या कडा दरवर्षी वर-खाली होतात आणि मध्य जागेवर असतो. कोपऱ्याची माती दोन बाजूंनी वाळते, म्हणून तो सगळ्यात जास्त खचतो. नैर्ऋत्य कोपऱ्यावर दुपारचं ऊन दोन्हीकडून येतं. आमची भेग तिथेच का, याचं अर्धं उत्तर यातच होतं.

ओलीचा हा चढउतार जमिनीखाली साधारण साडेतीन मीटरपर्यंत जाणवू शकतो. तीन-चार फुटांचा पाया त्या हलत्या थरातच बसलेला असतो. पाया कच्चा नसला तरी तो मातीबरोबर हलतो.

आणि भरलेली भेग वाढते कशी, तेही सांगतो, कारण हे फार कमी मिस्त्री लक्षात घेतात. मे महिन्यात भेग सगळ्यात रुंद असते. आपल्याला ती तेव्हाच खुपते, म्हणून आपण ती तेव्हाच सिमेंटने ठासून भरतो. जूनमध्ये माती फुगते, कोपरा वर उचलला जातो, भेग मिटायला बघते, पण मधे आता दगडासारखा माल आहे. पाचर ठोकल्यासारखं होतं. भिंत पूर्ण मागे येऊ शकत नाही. पुढच्या उन्हाळ्यात कोपरा पुन्हा खचतो आणि भेग गेल्या वर्षीच्या रुंदीच्या पुढे उघडते. आपण ती पुन्हा ठासतो. दरवर्षी एक पाचर.

ही पायाचीच भेग आहे का?

आधी हे नक्की करा, नाहीतर चुकीच्या जागी खर्च होईल. विटांच्या दरजांमधून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी गेलेली, खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून सुरू झालेली, आतून आणि बाहेरून एकाच जागी दिसणारी भेग पायाच्या हालचालीची समजा. ती वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर भिंतीची टोकं, म्हणजे कोपरे, खाली जात आहेत. उलट खाली रुंद आणि वर निमुळती असेल तर भिंतीचा मधला भाग बसतोय. मधला भाग बसत असेल तर तिथे जुनी विहीर, खड्डा, बुजवलेलं आड किंवा भर आहे का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. हे उत्तर नकाशात नसतं.

स्लॅबच्या लगेच खाली, भिंतीच्या माथ्यावर आडवी सरळ भेग असेल तर ती बहुतेक वेळा उन्हाने तापून स्लॅब पसरल्याची असते. कॉलम आणि वीटकामाच्या सांध्यावर सरळ उभी रेघ म्हणजे दोन वेगवेगळ्या मालांचं आक्रसणं. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील तर गिलावा नीट भिजवला नाही, एवढंच. या तिन्हींचा पायाशी संबंध नाही.

काँक्रीटच्या सांगाड्याच्या घरांत अजून एक प्रकार दिसतो. कॉलमचे फुटिंग खाली मुरमापर्यंत गेलेले असतात, ते हलत नाहीत. पण जोत्यात भर टाकताना खोदलेली काळी मातीच परत आत लोटलेली असते. मग फरशी मधे फुगते, चालताना पोकळ वाजते, आतल्या आडभिंती तडकतात आणि बाहेरची भिंत मात्र धडधाकट. अशा घरात बाहेर कितीही काम करा, फरक पडणार नाही. फरशी काढून काळी भर उपसायची, मुरूम 15-20 सेंटिमीटरच्या थरांनी पाणी मारून धुम्मसायचा आणि मग फरशी. दुसरा रस्ता मला माहीत नाही.

लातूर-धाराशिवकडचे लोक भेग दिसली की पहिल्यांदा भूकंपाचं विचारतात. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट ज्यांनी पाहिली त्यांची ही भीती मला पूर्ण समजते. ओळखायचं असं: धक्क्याची भेग एका दिवसात येते, भेग नेमकी कधी पडली ते घरातल्यांना सांगता येतं. मातीची भेग ऋतूप्रमाणे उघडते आणि मिटते.

एक वर्ष नुसतं मोजा

हा सल्ला कुणालाच आवडत नाही. पण मोजल्याशिवाय आपण अंधारात काम करतो. भेगेच्या दोन्ही बाजूंना, तिच्यापासून दोन-दोन इंच सोडून, पितळेचे किंवा स्टेनलेसचे छोटे स्क्रू प्लगसकट वीटकामात घट्ट बसवा, गिलाव्यात नको. एक जोडी वर, एक खाली. दर महिन्याच्या एक तारखेला व्हर्नियर कॅलिपरने दोन स्क्रूंमधलं अंतर मोजून वहीत लिहा. काचेची पट्टी चिकटवायची जुनी पद्धत आहे. तिच्यावरून भेग हलली एवढंच कळतं, किती आणि कुठल्या बाजूला ते कळत नाही.

आमच्याकडे पहिल्या वर्षी वरच्या जोडीतलं अंतर सप्टेंबरअखेरीच्या मानाने मेअखेर साडेचार मिलिमीटरनी वाढलं, खालच्या जोडीतलं दीड मिलिमीटरनी. कोपरा खाली झुकतोय याचा पुरावा वहीतच मिळाला. आणि पावसाळ्यानंतर भेग मूळ जागी पूर्ण आली नाही, म्हणजे आधीच्या पाचरींनी आपलं काम केलं होतं.

या वर्षात भेग उघडी ठेवायची नाही, नाहीतर पावसाचं पाणी थेट पायात जातं. जुना कडक माल छिन्नीने सगळा काढा, आत फोमची गोल दोरी दाबा आणि वर पॉलियुरेथेन सीलंट भरा, मऊ राहणारं. मेमध्ये भेग रुंद असताना भरलंत तर पुढे ते फक्त दाबलं जातं, ताणलं जात नाही, म्हणून टिकतं. दिसायला चांगलं दिसत नाही. एक वर्ष चालवून घ्या.

मोजताना सोबत मातीही तपासून घ्या. शासकीय तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होते. पण चाचणी इतकी सोपी आहे की समजून घेण्यासारखी आहे. पायाच्या खोलीवरची माती पूर्ण वाळवून बारीक चाळायची, दहा-दहा ग्रॅम दोन मापनळ्यांत घालायची, एकीत रॉकेल आणि एकीत शुद्ध पाणी 100 मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरून, हवा काढून, चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये 10 मिलिलिटर आणि पाण्यात 18 भरली तर फुगवटा 80 टक्के. भारतीय मानक आयएस 2720 च्या चाळिसाव्या भागात ही पद्धत आहे. 50 च्या खाली आलं तर तुमच्या भेगेचं कारण बहुधा वेगळं आहे, ते शोधा. 100 च्या वर गेलं तर पुढचं सगळं वाचा आणि त्यातलं काही गाळू नका.

पाणी शोधा, आणि भेगेपासून लांबही शोधा

आम्ही वर्षानुवर्षं भेगेच्या जवळ गळती शोधत राहिलो. तिथे काहीच नव्हतं. नळ नाही, चेंबर नाही, न्हाणी नाही. शेवटी सापडलं ते पूर्वेच्या बाजूला, भेगेपासून अख्खं घर ओलांडून. न्हाणीच्या सांडपाण्याच्या चिनी मातीच्या पाईपचा सांधा निखळला होता आणि तिथली माती बारा महिने ओली होती. ओल्या मातीने पूर्वेची बाजू फुगवून वर धरून ठेवली होती. पश्चिमेला उन्हाने कोपरा खाली जात होता. घर दोन्हीकडून पिळलं जात होतं, आणि तडकलं ते कोरड्या बाजूला.

म्हणून घराच्या चारी बाजू तपासा. चेंबरपासून चेंबरपर्यंत सांडपाण्याची लाइन बुच मारून पाण्याने भरा, पातळीला खडूने खूण करा, दोन तासांनी बघा. पाण्याच्या मीटरसाठी सगळे नळ बंद करून रात्री आणि सकाळी आकडा वाचा. गच्चीच्या पन्हाळाचं पाणी जोत्याच्या पायाशी पडतंय का, पागोळ्यांनी भिंतीलगत चर पडलाय का, ते पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन स्वतः बघा. कूलर कुठे ठेवता, त्याचं पाणी कुठे सांडतं, भांडी घासायची जागा कुठे आहे, हेही. भिंतीला लागून कर्दळी, अळू, गुलाबाचं आळं असेल तर ते हलवावं लागेल.

शोषखड्ड्याबद्दल वेगळं सांगतो, कारण हल्ली पाणी जिरवण्याच्या चांगल्या हेतूने तो घराला लागून केला जातो. काळी माती भिजून फुगली की तिच्यातून पाणी झिरपणं जवळजवळ थांबतं. मग खड्ड्यातलं पाणी खाली न जाता आडवं पसरतं, पायाखाली. पाणी जिरवणं गरजेचंच आहे, मराठवाड्यात तर फारच. पण खड्डा घरापासून शक्य तितका लांब घ्या आणि काळा थर ओलांडून खाली मुरमापर्यंत न्या.

दुसरी बाजू झाडांची. आमच्या कोपऱ्यापासून नऊ फुटांवर सुबाभूळ होती. उन्हाळ्यात ती त्या कोपऱ्याखालचं उरलंसुरलं पाणी ओढून घेत होती, हे भेगेचं उरलेलं अर्धं उत्तर. साधारण नियम असा की झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल तेवढं ते घरापासून लांब असावं. निलगिरी, सुबाभूळ, वड, पिंपळ, उंबर यांच्याबाबत तर जास्तच काळजी घ्या. पण जुनं मोठं झाड एका दिवसात तोडू नका. ते पीत होतं ते पाणी आता मातीत राहतं, कोरडी माती हळूहळू फुगते आणि कोपरा उलट दिशेने उचलला जातो. आम्ही परवानगी घेऊन दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने छाटून मग सुबाभूळ काढली. पिंपळाचं रोप भेगेत उगवलं असेल तर मात्र आजच मुळासकट काढा.

भेग मिटावी म्हणून उन्हाळ्यात त्या कोपऱ्यात रोज दोन बादल्या ओतणारे लोक मी पाहिलेत. भेग मिटते, हे खरं. पण एकाच कोपऱ्याला पाणी देऊन तुम्ही घराखालची ओल अजून विषम करता. सुट्टीला गावाला गेलात की पंधरा दिवसांत तो कोपरा आधीपेक्षा जोरात खचतो.

जोत्याभोवतीचा पट्टा

सगळ्या कामात पैसे कुठे घालायचे असं कुणी विचारलं तर मी इथे म्हणेन. याला सगळे प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. पण बहुतेक ठिकाणी जो दोन-अडीच फुटांचा कोबा केलेला असतो, तो काळ्या मातीवर दोन वर्षांत भिंतीपासून सुटतो, उलट्या उताराने आत कलतो आणि पाणी नेमकं पायाकडे नेतो. असा पट्टा नसलेला बरा.

पट्टा किमान दीड मीटर रुंद हवा, जागा असेल तर दोन. कोपऱ्यांना कंजुषी नको. आधी भिंतीलगतची काळी माती दीड-दोन फूट खोल काढा. हे खोदकाम पायाच्या तळाच्या खाली जाता कामा नये, आणि सगळी भिंत एकदम उघडी करायची नाही. चार-पाच फुटांचा तुकडा उघडायचा, भरायचा, मग पुढचा, तोही शेजारचा नाही, एक सोडून. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हे काम करा. तेव्हा माती ना फुगलेली असते ना पार आक्रसलेली.

चर उघडा असतानाच जोत्याची बाहेरची, जमिनीखालची बाजू दिसते. ही संधी पुन्हा मिळत नाही. डबर ब्रशने घासून स्वच्छ करा, दरजा भरा, 1:4 चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) गिलावा करून सात दिवस पाणी मारा. वाळल्यावर सिमेंट-पॉलिमरचा दोन घटकांचा जलरोधक लेप दोन हात द्या, पहिला हात उभा, दुसरा आडवा. भेगेवरून जाताना दोन हातांच्या मधे फायबरची जाळी, भेगेच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच. लेप जमिनीच्या वर अर्धा फूट आणा, तिथे थांबा.

मग चरात मुरूम. पांढरा किंवा लाल, हातात चुरला की चिकट गोळा होणार नाही असा. थराथराने पाणी मारून धुम्मस. मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर काळ्या मातीवर दिला तर तिचा फुगवटा कसा आवरला जातो, यावर मोठं काम केलं. रस्ते, कालवे, इमारती सगळीकडे ते वापरलं जातं. पूर्ण परिणामासाठी थर मीटरभर लागतो. आपल्या दोन फुटांनी तेवढं होणार नाही, पण पट्ट्याखालचा भाग स्थिर राहायला चांगली मदत होते. वाळू किंवा खडी भरू नका. ती पाणी साठवून ठेवते आणि चराचा हौद होतो.

मुरमावर जाड पॉलिथिनचा कागद, 250 मायक्रॉनचा, सांध्यावर फूटभर चढवलेला, भिंतीच्या बाजूला वर वळवलेला. त्यावर तीन-चार इंच काँक्रीट. उतार बाहेरच्या बाजूला, मीटरला अडीच सेंटिमीटर. लेव्हल पाईप लावून बघा, नजरेवर जाऊ नका. दर दीड-दोन मीटरला सांधा सोडा. आणि पट्टा भिंतीला सिमेंटने जोडू नका. पट्टा हलणार, भिंत हलणार, दोघं वेगवेगळे हलणार. मधे अर्धा-पाऊण इंच फट ठेवून ती फोमच्या दोरीने आणि सीलंटने भरा. मिस्त्री इथे वाटा, म्हणजे सिमेंटचा गोलसर सांधा, मारून देतो, कारण तो नेटका दिसतो. त्याला आधीच सांगून ठेवा.

पट्ट्याची बाहेरची कड दोन फूट खाली वळवा, उभी काँक्रीटची पडदी करा, म्हणजे बाहेरची ओल आणि उन्हाळी भेगा आत सरकत नाहीत. पलीकडे उघडी नाली, पन्हाळांचं पाणी पाईपने थेट तिच्यात.

काही जण भोकं पाडून त्यात चुन्याची निवळी ओततात. काळ्या मातीत 4 ते 6 टक्के चुना नीट कालवला तर ती खरोखर शांत होते, रस्त्याच्या कामात हे नेहमीचं आहे. पण भोकात ओतलेला चुना चिकणमातीत फार लांब जात नाही, भोकाच्या आसपासच राहतो. घराखाली माती कालवता येत नाही. म्हणून मी त्यावर पैसे घालत नाही.

आता भेग

पट्टा झाल्यावर पुन्हा एक उन्हाळा आणि एक पावसाळा मोजा. आमच्याकडे साडेचारवरून हालचाल एक मिलिमीटरच्या आत आली. एवढं झालं की कायमची दुरुस्ती करता येते. अजून दोन-तीन मिलिमीटर हलत असेल तर मऊ सीलंटवरच राहा आणि अजून पाणी शोधा.

विटांच्या भिंतीत मी टाके घालतो. दर चार-पाच थरांनी आडवी दरज दीड इंच खोल कोरायची, भेगेच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट. आत 6 मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची सळई न आक्रसणाऱ्या ग्राउटमध्ये, म्हणजे सिमेंटच्या पातळ मालात, बसवायची. साधी सळई नको, ओलीत ती गंजते, फुगते आणि दरज पुन्हा फोडते. कोपरा जवळ असेल तर सळई वळवून दुसऱ्या भिंतीत न्या. मग भेगेत फूटभर अंतरावर नळ्या बसवून खालून वर, कमी दाबाने सिमेंट ग्राउट. वरच्या नळीतून माल बाहेर यायला लागला की खालची बंद करायची. फुटलेल्या विटा बदला. शेवटी फायबर जाळी आणि गिलावा. इपॉक्सी काँक्रीटच्या बीम-कॉलममधल्या थांबलेल्या भेगेसाठी उत्तम आहे. पण विटेपेक्षा ते फार कडक, म्हणून हालचाल उरली असेल तर वीट शेजारी फुटते.

ओल आणि लोणा

जोत्यावरचा डीपीसीचा, म्हणजे जमिनीची ओल वर चढू न देणारा, थर भेगेच्या जागी तुटलेला असतो. म्हणून भेग भरल्यावरही त्या पट्ट्यात फूट-दीड फूट ओल चढत राहते आणि लोक समजतात भेग गळतेय. तुटलेल्या जागी आणि दोन्ही बाजूंना मीटरभर, जोत्याच्या लगेच वरच्या दरजेत, 12 मिलिमीटरची भोकं चार-चार इंचांवर पाडून सिलेन या पाणी अडवणाऱ्या रसायनाचं क्रीम किंवा द्रावण भरलं की नवा अडथळा तयार होतो. भोकं भिंतीच्या जाडीत जवळजवळ पलीकडपर्यंत हवीत.

लोणा लागलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या दीड फूट वरपर्यंत काढा. क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा, पाण्याने धुतले तर ते परत आत जातात. त्यानंतर थांबा. नऊ इंची भिंत पुरती वाळायला सहा ते नऊ महिने सहज लागतात. लगेच सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि ऑइल पेंट मारला तर ओल आत कोंडून आणखी वर चढते. वाळल्यावर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच हात मला सगळ्यात चांगला वाटतो, भिंतीला श्वास घेऊ देतो. आईने त्या खोलीत वर्षभर उघड्या विटा सहन केल्या. पाहुणे आले की तिला वाईट वाटायचं. पण तेव्हापासून ती भिंत कोरडी आहे.

हे घरच्या घरी करायचं नाही

भेग 15 मिलिमीटरच्या पुढे गेली, ओळंबा सोडल्यावर भिंत बाहेर झुकलेली दिसली, तुळईचा किंवा स्लॅबचा टेकू सरकलेला वाटला, दारं-खिडक्या एकाच महिन्यात अडकायला लागल्या, किंवा दोन्ही ऋतूंत भेग फक्त वाढतेच आहे, मिटत नाही, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तेव्हा पायाखाली नवा पाया घ्यावा लागू शकतो, मीटर-मीटरच्या तुकड्यांनी, टेकू लावून. हे काम मिस्त्रीच्या अंदाजावर करू नका. माणसं दबतात.

नवं घर बांधणाऱ्यांना एवढंच: खड्डा खोदल्यावर काळी माती संपत नसेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्याकडे रुजवलेल्या अंडर-रीम पाईल्सचा विचार करा. खाली साडेतीन मीटरच्या आसपास नेलेल्या, तळाशी खांबाच्या अडीचपट रुंद कांदा असलेल्या. त्यांच्यावरच्या जोत्याच्या बीमखाली मातीला फुगायला तीन-चार इंच मोकळी जागा ठेवायची असते. ती जागा कामगार मातीने भरून टाकतात, तेव्हा स्वतः उभं राहा.

दुरुस्ती झालेल्या घरांनी वर्षातून तीन गोष्टी करायच्या. एप्रिलअखेर पट्टा आणि भिंत यांच्या फटीतलं सीलंट बोटाने दाबून बघा, सुटलेलं दिसलं तर पावसाआधी बदला. मृगाच्या आत पन्हाळं आणि नाली साफ करा. आणि स्क्रू काढू नका. मेअखेर आणि सप्टेंबरअखेर दोनदा मोजून वहीत तारखेसह लिहा. आकडा मागच्या वर्षीपेक्षा दीड मिलिमीटरने वाढला, तर भेगेला हात लावण्याआधी चेंबरचं झाकण उघडा.